वजन चेसीवर

जीप उलटी येत येत शेडच्या तोंडाशी थांबली, तेव्हा तिच्या पाठीवरचं चाक अभिमन मिस्तरीच्या छातीपासून हातभर अंतरावर होतं. इंजिन बंद झालं तरी चाक लगेच थांबलं नाही. दोन-चार क्षण ते आपल्यापुरतं हलत राहिलं आणि त्याच्याबरोबर मागचा सगळा फाळका खडखडला. अभिमन पत्र्याच्या डब्यावर चहा पीत बसला होता. तो उठून बाजूला झाला. बघणाऱ्याला वाटलं असतं, गाडीला जागा करून दिली. पण तो उठला नव्हता, त्यानं दचकून उडी मारली होती. कप हातात तसाच होता आणि चहा मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होता. चटका बसला हे त्याला बऱ्याच वेळानं कळलं. आग्रा रोडवरून ट्रक जात होते. पौषातली सकाळ होती. शेडमध्ये काल जळलेल्या वेल्डिंगच्या रॉडचा वास अजून रेंगाळत होता. सगळं रोजच्यासारखंच होतं. फक्त ते चाक समोर होतं, आणि त्याच्या मधल्या भोकातून फाळक्याच्या पत्र्यावर उमटलेल्या भेगा दिसत होत्या. चार बोल्टांभोवती चार भेगा. कोळ्याच्या पायांसारख्या.

गाडीतून जीवरामनाना उतरले. ते फैजपूरकडचे चौधरी. घरची केळीची शेती भावांवर सोपवून त्यांनी बोअर खोदायचं मशीन घेतलं होतं, आणि धुळ्यात ऑफिस थाटून ते सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांपर्यंत बोअर खोदत फिरायचे. मशीनच्या आधी ही जीप जायची, आत पाइप, केसिंग, माणसांची शिधासामग्री भरून. रस्ता असो की नदीचं पात्र, जीप जायचीच. नाना बोलताना हात फार हलवायचे.

"मिस्तरी, हे बघा. फाळका उघडायला दोन माणसं लागतात. एकानं चाक उचलून धरायचं, दुसऱ्यानं कडी काढायची. बिजागऱ्या पार लांबल्यात. मला चाक वेगळं पाहिजे, फाळका वेगळा. चाकाला त्याचा स्वतःचा हात करा. वाड्याचं फाटक असतं ना, तसा एका कोपऱ्यावर फिरणारा. चाक बाजूला ढकललं की मागं सगळं मोकळं. देवळालीकडे एका लष्करी गाडीला पाहिलंय मी."

स्टेपनीचं काम मी करत नाही, हे वाक्य अभिमनच्या तोंडात तयार होतं. गेली सात वर्षं ते तयारच असायचं. कुणी विचारायचा अवकाश, ते आपोआप बाहेर पडायचं, सरळ आणि कोरडं, जसं एखादा माणूस मी कांदा खात नाही म्हणतो तसं. लोकांना वाटायचं, मिस्तरीचा काही नेम असेल, कुणा बाबाला शब्द दिला असेल. ट्रॉल्यांचे हौदे, बोअरच्या गाडीचं मचाण, देवळाचे दरवाजे, सगळं तो करायचा. त्याच्या वेल्डिंगला धुळ्यात नाव होतं. स्टेपनी मात्र नाही. पण आज ते वाक्य बाहेर आलं नाही. नानांचं म्हणणं त्याला आत कुठंतरी उलटं लागलं होतं. आजवर जो तो चाक फाळक्यावर लावायला यायचा. हा पहिला माणूस ते फाळक्यावरून काढायला आला होता.

"होईल," अभिमन म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला परका वाटला.

चौऱ्याऐंशी साल होतं ते. उन्हाळा. पारोळ्याचे पंडित पाटील लग्नसराईत जीप भाड्यानं चालवायचे. त्यांना गाडीत आणखी दोन माणसं बसवायची होती, म्हणून बाजूला असलेली स्टेपनी मागच्या फाळक्यावर हवी होती. दुपारी आले आणि संध्याकाळी वरात आहे म्हणाले. अभिमननं फाळक्यावर अंगठा दाबून पाहिला होता. तो अंगठा त्याला आजही आठवायचा. पत्रा आत गेला आणि परत वर आला, पिकलेल्या पपईसारखा. रंगाखाली गंज होता. त्याला ते कळलं होतं, अगदी स्वच्छ कळलं होतं. वजन पत्र्यावर देऊ नये, चेसीवर, गाडीच्या लोखंडी कण्यावर, द्यावं, हे या धंद्यातलं पहिलं शहाणपण. पण पंडितभाऊ घड्याळ बघत होते, ड्रायव्हर हिलाल बिडी ओढत उभा होता, आणि एवढं सांगितलं असतं तर काम दुसरीकडे गेलं असतं असंही नव्हतं. नुसता कंटाळा होता. उन्हाचा, घामाचा, बोलण्याचा. एक वाक्य उच्चारायचा कंटाळा. त्यानं चार पट्ट्यांचा एक सांगाडा केला, तो पत्र्यावर बसवला, बोल्ट मारले, वरून वेल्डिंग केलं. वेल्डिंग सुरेख आलं होतं.

त्यानंतर वीसेक दिवसांनी बसस्टँडवरच्या पानाच्या दुकानाशी हिलाल भेटला. पारोळ्याची गाडी लागत होती आणि त्याला घाई होती. पिशवी सावरत तो म्हणाला, "मिस्तरी, तुन्ही लायेल स्टेपनी मुकटीजोडे सुटनी. एक बाईले लागनी." एवढं बोलून तो धावला. गाडीला माणसं लोंबकळत होती. अभिमन चार पावलं त्याच्या मागं गेला, मग थांबला. बस हलली. खिडकीत हिलालचा चेहरा दिसला, तो काहीतरी बोललाही, पण ते ऐकू आलं नाही. आणि खरं सांगायचं तर ऐकू आलं नाही याचं अभिमनला त्या क्षणी बरंच वाटलं.

पुढं विचारणं अवघड नव्हतं. मुकटी धुळ्यापासून पाऊण तासावर. पंडितभाऊंना एक पोस्टकार्ड टाकलं असतं तरी चाललं असतं. पण पहिल्या दिवशी विचारलं नाही, मग आठ दिवसांनी विचारायची लाज वाटली, महिन्यानं भीती वाटली, आणि वर्षानंतर तर असं वाटायला लागलं की आता विचारणं हाच गुन्हा होईल. महिनाभर तो न्हाव्याच्या दुकानात जाऊन पेपरातलं जिल्ह्याचं पान वाचायचा. बातमी सापडू नये म्हणून भराभर वाचायचा, आणि सापडली नाही की पुन्हा पहिल्यापासून वाचायचा. पुढं हिलाल कुठं गुजरातेत ड्रायव्हरकीला गेल्याचं कळलं, पंडितभाऊंनी जीप विकली. विचारायची माणसंही एकेक करून दूर गेली, आणि उरली फक्त ती बाई. तिला अभिमननं पाहिलं नव्हतं, त्यामुळे ती कशीही असू शकत होती. कधी ती म्हातारी असायची, डोक्यावर गवताचा भारा. कधी तरणी, कडेवर मूल. कधी ती उठून बसायची आणि अंगावरची माती झटकायची. पण बहुतेक वेळा ती रस्त्याच्या कडेला पाठमोरी पडलेली असायची आणि तिचा चेहरा काही केल्या या बाजूला वळायचा नाही. वेल्डिंगची काच डोळ्यांपुढं धरली आणि ठिणगी पेटली की त्या हिरव्या अंधारात मध्ये फक्त एक पांढरा ठिपका उरतो. त्या ठिपक्याकडे बघताना माणसाला दुसरं काही दिसत नाही. म्हणून अभिमन काम फार करायचा. लोक म्हणत, मिस्तरी मेहनती आहे.

नानांच्या कामाला त्यानं तीन दिवस मागितले. हात करायचा तर तो ज्यावर फिरणार ती बिजागरी महत्त्वाची. दरवाज्याची बिजागरी या वजनाला टिकणार नाही. मोठ्या टायरचं चाक, रिमसकट उचलायला एका माणसाची कंबर मागतं. खड्ड्यात गाडी आपटली की तेच वजन तिप्पट होतं. तो भंगार बाजारात गेला आणि ट्रॉलीच्या जुन्या चाकाचा हब, चाकाचा मधला फिरता भाग, शोधून आणला, आत दोन टेपर बेअरिंग शाबूत असलेला. हे त्याला भंगारवाल्याच्या दारातच सुचलं होतं: जी वस्तू एवढी वर्षं ट्रॉलीभर कपाशी पेलत गोल फिरली, तिला चाक धरून पाव चक्कर फिरायला काय कष्ट पडणार? हब उभा करायचा, त्याचा दांडा चेसीच्या मागच्या आडव्या पट्टीला उजव्या कोपऱ्यात बसवायचा, हबला चौकोनी पाइपाचा हात जोडायचा, हातावर चाक. डाव्या कोपऱ्याला खटका. आणि हात मिटल्यावर त्याचं टोक एका उतरत्या टेकूवर चढून बसेल असं करायचं, म्हणजे चालत्या गाडीत वजन एकट्या बिजागरीवर राहणार नाही, दोन्हीकडून चेसीवर उतरेल. घासलेटनं बेअरिंग धुताना त्याची बोटं गार पडली. नवं ग्रीस भरून त्यानं हब हातानं फिरवला. आवाज न करता तो फिरत राहिला, फिरत राहिला. अभिमन त्याच्याकडे बघत बसला. बऱ्याच दिवसांत त्याला एखादं काम आवडलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दांडा बसवायचा म्हणून तो गाडीखाली गेला. चेसीच्या आडव्या पट्टीवर डांबरासारखा काळा रंग जाड बसला होता. उजव्या कोपऱ्यात त्यानं स्क्रू ड्रायव्हरनं रंग खरवडला आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक आत गेलं. फार नाही, बोटाच्या पेरभर. नदीच्या पात्रांतून गाडी जायची, पाणी आणि रेती त्या कोपऱ्यात साचून राहायची, आणि गंजानं आतून लोखंड खाऊन टाकलं होतं. अभिमन उताणा पडून त्या भोकाकडे बघत राहिला. त्याच्या कपाळावर गंजाची भुकटी पडली. बरोबर त्याच जागी दांड्याची लोखंडी पाटी बसणार होती. पाटी बसली की भोक झाकलं जाणार होतं. वरून रंग दिला की कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. बाहेर नानांच्या चपलांची फटफट ऐकू येत होती. गाडी चार वाजता निघणार होती. शिरपूरच्या वर एका पाड्यावर मशीन पोचलेलं होतं, केसिंगचे पाइप जीपमधून जायचे होते, आणि पाड्यावरच्या बाया मैलभरावरच्या झिऱ्यातून पाणी आणत होत्या. हे सगळं नानांनी सकाळपासून तीनदा सांगितलं होतं. अभिमनच्या तोंडाला कोरड पडली. त्याला त्या कोरडेपणाची ओळख पटली. हाच तो कंटाळा. तेव्हा त्याला कंटाळा वाटला होता, आज त्याला कळलं की ती भीती होती. समोरच्या माणसाचं तोंड वाकडं होईल, एवढीच, एवढीशी भीती.

तो गाडीखालून बाहेर आला. हात पुसायला चिंधी घेतली आणि पुसता पुसताच म्हणाला, "नाना, आज होणार नाही."

"आता आणखी काय?"

"इथं चेसी आतून गेलीय. हे बघा." त्यानं स्क्रू ड्रायव्हर घालून दाखवला. "दोन्ही अंगांनी जाड पाटी घालून आधी हा कोपरा बांधावा लागेल. तो गार होईपर्यंत त्यावर काही लावायचं नाही."

नानांनी वाकून पाहिलं, उभे राहिले, घड्याळ पाहिलं. त्यांचं तोंड वाकडं झालं. "तात्पुरतं नाही का चालणार? आठ दिवसांनी येतो परत, तेव्हा करा काय करायचं ते."

"चालेल. आठ दिवस चालेल, महिनाही चालेल. मग सुटेल."

"कधी सुटेल?"

"ते मला नाही सांगता येणार. आणि मागं कोण असेल, तेही नाही."

 नाना तरातरा रस्त्यापर्यंत गेले आणि पाठ करून उभे राहिले. अभिमनला वाटलं, आता गाडी घेऊन जातील, आणि त्याला आश्चर्य वाटलं ते याचं की जातील तर जातील असं आपल्याला खरोखर वाटतंय. थोड्या वेळानं नाना परत आले. "पाइप ट्रकनं पाठवतो," ते म्हणाले. "पण उद्या दुपारी मला गाडी पाहिजे." मग आणखी थोड्या वेळानं, शेडच्या खांबाला टेकून, जरा खालच्या आवाजात: "बरं झालं सांगितलंत. एवढी वर्षं मीच बसतो हो त्या गाडीत."

संध्याकाळी घरी तानुबाईनं, त्याच्या बायकोनं, ताटात दादर ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली आणि समोर बसून त्याच्याकडे पाहिलं. ती कमी बोलायची. पण तिला काही विचारायचं असलं की ती असं बसायची, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

"स्टेपनीनं काम लिधं म्हणे तुम्ही."

"हा."

"सात वरीस व्हई गयात," ती म्हणाली. "मन्हं माहेर पारोळे. सरळ रस्ता मुकटीवरथून. तुम्ही दरसाल अमळनेरवरथून जातस. माले काय समजत नही का?"

अभिमननं घास तसाच हातात धरला. तिला माहीत होतं? काय माहीत होतं? तिनं आणखी भाजी वाढली. त्याला एकदम वाटलं, आपण सात वर्षं एका खोलीचं दार आतून लावून बसलो होतो आणि ही दाराबाहेर, एवढी वर्षं, कडी न वाजवता बसून होती. सांगावंसं वाटलं, पण सांगणार काय? एक बाई आहे, ती मेली की जगली ते मला माहीत नाही? ते वाक्य त्यानं मनात म्हणून पाहिलं आणि त्याला ते इतकं विचित्र वाटलं की त्याची त्यालाच शरम वाटली. सांगायचं तर आधी माहीत करून घ्यावं लागेल.

दुसऱ्या दिवशी अकराला लाइट गेली, ती बारा वाजता आली. पण दोनच्या सुमारास काम झालं. कोपरा बांधलेला, त्यावर दांडा, दांड्यावर हब, हबवर हात, हातावर चाक. अभिमननं तीन नट आवळले, प्रत्येकावर दुसरा नट चढवला, खटक्याला वरून एक खिळा दिला. मग खिळा काढला, खटका उचलला आणि एका बोटानं चाक ढकललं. ते निघालं. एवढं मोठं चाक, आवाज न करता, दारातून एखादी भारदस्त बाई बाजूला व्हावी तसं बाजूला झालं, आणि मागचा फाळका मोकळा, हलका समोर उभा राहिला. फाळका खाली पडला तो नुसत्या कडीच्या आवाजानं. नाना लहान मुलासारखे दोनदा तीनदा उघडझाप करत राहिले. "वा," ते म्हणाले, "वा मिस्तरी." मग म्हणाले, "चला, पारोळ्यापर्यंत चक्कर मारून येऊ. मुकटीच्या आसपास रस्ता पार उखडलाय. तिथं नाही हललं तर कुठंच हलणार नाही."

अभिमन गाडीत बसला. पुढं नाही, मागं, फाळक्याजवळ, चाकाकडे तोंड करून. त्यानं नानांना सांगितलं, मला लक्ष ठेवायचंय. धुळं मागं पडलं, फागणं गेलं, दोन्ही अंगांना कपाशी वेचून झालेली रानं करडी पडली होती. चाकाच्या मधल्या भोकातून रस्ता मागं पळताना दिसत होता. उखडलेला रस्ता सुरू झाला तशी गाडी आपटायला लागली, पाइपांचे राहिलेले तुकडे आत उड्या मारायला लागले, अभिमनची हाडं एकमेकांवर वाजली. चाकाचा हात मात्र टेकूवर घट्ट बसून होता. त्यानं तळवा लावून पाहिला. गाडी जेवढी हलत होती तेवढंच चाक हलत होतं, त्याहून कणभर जास्त नाही. गाडीचाच एक अवयव झालं होतं ते. समाधान वाटायला हवं होतं. पण तो मागं पडणारे मैलाचे दगड मोजत होता. मुकटीचा फाटा आला, चार हॉटेलं, पिंपळ, उभी असलेली एक एसटी. फाटा मागं टाकून असंच पुढं जाता आलं असतं. नाना थांबणार नव्हते.

"नाना, थांबवा," तो ओरडला. "जरा थांबवा."

हॉटेलवाला भजी तळत होता. अभिमननं त्याला विचारलं. सात वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, इथं एका जीपचं चाक सुटून एका बाईला लागलं होतं. ती कोण? तिचं पुढं...? हॉटेलवाल्यानं झारा निथळला आणि झाऱ्यानंच दाखवलं. "भागाबाई का? ती काय, पिंपळाखाली."

पिंपळाखाली एक बाई पाटीत भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगा घेऊन बसली होती. पन्नाशीची असेल. नऊवारी लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. तिनं उठून एसटीच्या खिडकीत शेंगांची पुडी दिली, त्यासाठी हात वर केला, डोक्याच्याही वर, आणि अभिमन त्या वर गेलेल्या हाताकडे बघत राहिला. एसटी गेली. ती खाली बसली. तिला चेहरा होता. रुंद, उन्हानं रापलेला, जरा चिडका. तो त्यानं कल्पिलेल्या एकाही चेहऱ्यासारखा नव्हता.

"अक्का," तो म्हणाला, "ते जीपनं चाक... तुमलेच लागनं व्हतं ना?"

"मालेच लागनं. दुसरी कोनले?" तिनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कोन शे तू? सरकारना माणूस शे का? आते काय ली उना?"

"नही. असंच इचारस."

मग तिनं सांगितलं. अनेकदा सांगून गुळगुळीत झालेली गोष्ट होती ती. ती शेतातून येत होती. चाक आलं, एकदा उडालं, दुसऱ्यांदा उडालं ते खांद्यावर. गळ्याजवळचं हाड मोडलं. पाटलांनी गाडीतच घालून दवाखान्यात नेलं, सगळं नीट केलं. "तीन महिना हात गळामा बांधेल व्हता. आते काहीच नही. हाऊ देख." तिनं हात पुन्हा वर केला. "थंडीमा दुखस थोडं. पण खरं सांगू का, चाकनासंगे पत्राना तुकडा बी उना व्हता. एवढा. फाटेल लुगडासारखा. तो माले लागता तं मान कटी जाती."

अभिमन तिच्यासमोर उकिडवा बसला.  वेल्डिंग सुटलं नव्हतं. पत्रा फाटला होता. सात वर्षं त्याच्या मनात दोन्ही शक्यता होत्या आणि आता एकच उरली होती, त्याला माहीत होती तीच. वेल्डिंग पक्कं होतं, याचा अभिमान वाटेल असं काही त्यात नव्हतं. एवढं ऐकून उठून जाता आलं असतं. बाई जिवंत होती, शेंगा विकत होती, हात वर जात होता. पण तो उठला नाही.

"अक्का, ते चाक मी लायेल व्हतं."

तिचा हात शेंगांवर थांबला.

"पत्रा पातय व्हता. माले तवयच माहीत व्हतं. मी बोलनू नही."

 मागं कढईत भजी चरचरली. कुणीतरी रेडिओची पट्टी फिरवली. ती रडेल, शिव्या देईल, माणसं गोळा करेल, या सगळ्याची त्यानं कधी ना कधी तालीम केलेली होती. तिनं यातलं काही केलं नाही. तिच्या कपाळाला एक आठी पडली, हिशेबातली साधी चूक दाखवताना पडते तशी.

"मंग तवयच सांगाले जोयजे व्हतं ना, भाऊ."

"हा," तो म्हणाला. "जोयजे व्हतं."

एवढंच. एवढंच होतं ते. अभिमनला वाटलं, छातीवरून कुणीतरी जड वस्तू उचलून शेजारी, जमिनीवर, नीट ठेवली. चूक नाहीशी झाली नव्हती. पण आता तिला आकार होता. सात वर्षं ती अंधारात वाढत वाढत डोंगराएवढी झाली होती, आणि उजेडात बघितली तर एका वाक्याएवढी होती. न बोललेल्या एका वाक्याएवढी. त्याहून लहान नाही, पण मोठीही नाही. माफ केलं असं ती म्हणाली नव्हती आणि त्याची त्याला गरजही वाटली नाही. ती बरोबर बोलली होती. बरोबर बोललेलं ऐकून किती सुटल्यासारखं वाटतं, हे त्याला कधी माहीतच नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं बाहीनं पुसलं तर गालावर ग्रीस लागलं.

"आते रडू नको," भागाबाई चिडून म्हणाली. "तोंड काळं व्हयनं तुन्हं." तिनं त्याच्या ओंजळीत शेंगा ओतल्या. आणि मग रस्त्यापलीकडे उभ्या जीपकडे हनुवटी दाखवत म्हणाली, "ती गाडी तुन्ही का?"

"नानानी शे. पारोळे जाई राहिनूत."

"मंग माले म्हसवेना अलीकडे, वस्तीवर उतारी द्या. पाटी आज खाली व्हयनी. पाय दुखतस."

तिनं त्याच्या उत्तराची वाट पाहिली नाही. पाटी उचलून ती रस्ता ओलांडून गेलीसुद्धा. अभिमन तिच्या मागं धावला. नाना भज्यांचा कागद हातात घेऊन पाहत राहिले. जीपच्या मागं येऊन भागाबाई थबकली. चाक समोर होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि अभिमननं पाहिलं की तिचा डावा हात आपोआप उजव्या खांद्याकडे गेला. त्यानं पुढं होऊन खिळा काढला, खटका उचलला, चाक बाजूला केलं.

"पत्रावर शे का?" तिनं विचारलं.

"नही अक्का. आते बठ्ठं वजन चेसीवर शे."

"सुटाव नही?"

 नानांकडे वळून, दोघांनाही ऐकू जाईल असं, तो सावकाश बोलला. "नट कसलेले राहिले तर सुटणार नाही. नाना, दर महिन्याला पाना लावून बघायचा. नदीतून आली गाडी की कोपरा धुवायचा. आणि बेअरिंगला ग्रीस. हे मी आधीच सांगायला पाहिजे होतं."

नानांनी मान हलवली. ते काही समजल्यासारखे दोघांकडे आळीपाळीनं पाहत होते.

भागाबाई मागं चढून बसली, फाळक्याच्या अगदी जवळ, पाटी मांडीवर. अभिमन तिच्यासमोर बसला आणि नानांनी बाहेरून चाक लावलं. गाडी सुटली. उखडलेला रस्ता अजून संपलेला नव्हता. पहिल्या खड्ड्याला तिनं डोळे मिटले आणि बाजूची पट्टी धरली. दुसऱ्या खड्ड्याला डोळे उघडून चाकाकडे पाहिलं. चौथ्या-पाचव्या खड्ड्यानंतर तिचं चाकाकडे लक्षच राहिलं नाही. ती कपाशीच्या भावाबद्दल बोलायला लागली, मग सुनेबद्दल, मग मुकटीच्या एसटी थांब्यावर नवी आलेली दुसरी शेंगावाली किती लबाड आहे त्याबद्दल. अभिमन हूं हूं करत होता आणि शेंगा खात होता. त्याला प्रचंड भूक लागली होती.

वस्तीच्या वाटेशी गाडी थांबली. त्यानं आतूनच वाकून खटका उचलला, चाक बाजूला केलं, फाळका पाडून खाली उतरला. भागाबाई उतरली, पाटी कडेवर घेतली. मग ती वळली. पाटी खाली ठेवली, फाळका उचलून बसवला, आणि उजवा तळवा चाकावर ठेवून एकदा जोर लावला. चाक फिरलं, टेकूवर चढलं, खटका पडला. तिनं ते धरून हलवून पाहिलं, दारातून कुठं परगावी निघताना कुलूप ओढून पाहतात तसं. मग पाटी उचलली आणि कपाशीच्या काड्यांमधल्या पायवाटेनं निघून गेली. मागं वळून तिनं पाहिलं नाही. नानांनी हॉर्न वाजवला. अभिमन रस्त्यावर तसाच उभा होता, आणि दुपारचं ऊन त्याच्या पाठीवर चांगलंच लागत होतं.